गजू बसलाय

बुधवारी अकराला, कर्कॉडीच्या चर्चमागच्या हॉलमध्ये
नाणं टाकलं की हीटर वीस मिनिटं चालतो.
मी सदुसष्टची, मोराग पेट्री चौऱ्यांशीची,
पियानो आम्हा दोघींहून थोरला,
दात पिवळे, एका पायाखाली जुनं भजनाचं पुस्तक.

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
रेघा मला नव्या नाहीत.
सांगलीला लघुलेखन शिकलेय, शंभरच्या वेगाने.
तोच एक फराटा
रेघेच्या वर काढला की माल,
रेघेवर टेकवला की मेल,
रेघ कापून गेला की मिल.
वर-खाली सरकलं की अर्थ बदलतो,
हे मला कुणी शिकवायला नको.
मोराग म्हणाली, छान. मग हा कुठला?

मी बघत राहिले.
रेघेत ओवलेलं काळं बी, त्याला एक देठ.

ई, जी, बी, डी, एफ.
लक्षात ठेवायला तिच्याकडे एक वाक्य होतं,
कुठल्याशा चांगल्या मुलाचं,
इथल्या चार पिढ्यांनी घोकलेलं.
माझ्याकडे ते टिकेना.
मग बस स्टॉपवर, समुद्राचा वारा छत्री उलटी करत असताना
पंचावन्न वर्षांपूर्वीच्या चुलीपासून
आई ओरडली:
ए, गजू बसलाय, दे फुलका!

झालं की.
सगळ्यात खाली ए, म्हणजे मी.
मधल्या रेघेवर तो, मांडी ठोकून बसलाय.
सगळ्यात वर फुलका.
आणि या पियानोचा नेमका तोच वरचा फ
दमट हवेत एकदा खाली गेला की उठत नाही,
नखाने उचलावा लागतो,
तव्याला चिकटलेला.

डाव्या हाताच्या रेघा निराळ्या.
तिथे मी गळून पडते,
अख्खं वाक्य एक पायरी खाली उतरतं
आणि वरच्या रिकाम्या रेघेवर
गजू हात पुढे करतो:
गजू बसलाय, दे फुलका, अजून.
मोरागला हे समजावताना
माझं इंग्रजी पुरलं नाही.
ती हसली मात्र. तिलाही भाऊ होते, चार.

दोन्ही हात एकत्र, ही पुढची फजिती.
उजवा वाढतो तेव्हा डावा विसरतो,
डाव्याकडे बघावं तर उजवा करपतो.
चाळीसच्या वेगाने टाइप करणारी ही बोटं
एका ओळीला साडेतीन मिनिटं घेतात.

गेल्या आठवड्यात नवीन खूण आली.
चौथ्या रेघेला खालून चिकटलेला काळा ठोकळा.
इथे सगळं रेघेवर बसतं, रेघेतून जातं, फटीत शिरतं,
हा एकटाच लटकत होता
आपल्या अक्षरासारखा.
इतकी ओळखीची वस्तू पानावर पहिल्यांदाच दिसली,
मी घाईने बोट उगारलं. हा कुठला?
कुठलाच नाही, मोराग म्हणाली.
चार मोजायचे. काही करायचं नाही.

आज धडा संपल्यावर ती नाण्यांची डबी घेऊन आत गेली
आणि मी मिरजेला फोन लावला,
पुस्तकाच्या स्टँडवर टेकवून.
गजू चहा पीत होता. या वयात कशाला गं, म्हणाला,
बरं, वाजव.

मी वाजवलं. तीन मापं, एक चूक,
फुलका नखाने उचलला,
आणि चौथ्या मापाला दोन्ही हात मांडीवर घेतले.

हॅलो, गजू म्हणाला.
हॅलो? अगं, कट झाला वाटतं.
आहेस का?

दोन, मी मोजत होते.
तीन.